आग्यादरीत चुकलेली दिशा

सातपुड्याच्या पायथ्याच्या अरण्यात दडविलेले तीन झेंडे केवळ नकाशा आणि होकायंत्र यांच्या साहाय्याने शोधावयाचे व सूर्यास्तापूर्वी तळावर परतावयाचे, या हेतूने त्या सकाळी तीन-तीन तरुणांच्या तुकड्या निघाल्या. शिबिर फैजपूरच्या एका तरुण मंडळाचे होते. जो नायक आपल्या तुकडीला सर्वांआधी तिन्ही झेंडे मिळवून देईल, तोच उन्हाळ्यात लहान मुलांच्या शिबिराचा शिक्षक होईल, असे शिबिरप्रमुख प्रेमराजभाऊ यांनी जाहीर केले होते.

हे शिक्षकपद दीपकच्या मनात घर करून बसले होते. दहावीला नापास होऊन तो बापाबरोबर केळी कापावयास जात असे. आपल्यालाही कोणीतरी ‘सर’ म्हणेल, या विचाराने त्याला नीट झोप येत नव्हती.

तो नायक असलेल्या तुकडीत आणखी दोघे होते. रुपली ही डोंगराकडच्या पाड्यावरची मुलगी. पावले मोजून चाललेले अंतर सांगणे हे तिचे काम. बबलू हा दोंडाईच्याचा, मामाकडे राहावयास आलेला. पाणी आणि शिदोरी त्याच्या पाठीवर असे. तळावरच्या मैदानात तिघांनी कसून सराव केला होता. प्रेमराजभाऊ मैदानाचाच नकाशा रांगोळीने काढीत आणि त्यावरील खुणांप्रमाणे दडविलेले बिस्किटांचे पुडे मुलांकडून शोधवीत. डोळ्यांवर रुमाल बांधून सरळ चालावयास सांगितले, की बबलू हमखास चुलीकडे वळे.

“अरे, तिकडे कुठे?” असे विचारले, तर म्हणे, “डोया बांधेल शेतस भाऊ, नाक नही!”

निघण्यापूर्वी प्रेमराजभाऊंनी बजाविले, “लोखंडाजवळ सुई भरकटते. मोबाइल, किल्ल्या, सगळं इथं ठेवा.”

सर्वांनी खिसे रिकामे केले. दीपकनेही केले. मात्र कमरेला खोचलेला केळी कापावयाचा विळा काढावा, हे त्याच्या ध्यानातसुद्धा आले नाही. मळ्यात जाणाऱ्या माणसाला आपल्या कमरेचा विळा ही वस्तू वाटतच नाही. तो जणू हाताचाच भाग असतो. वर घातलेल्या जाड स्वेटरमुळे तो इतर कोणाच्या नजरेसही पडला नाही. मैदानावरील अंतरे लहान असल्यामुळे सरावात या चुकीने कधी डोके वर काढले नव्हते.

पहिला झेंडा नाल्याकाठी होता. नाला धरून गेले आणि तो हाती लागला! दुसऱ्यासाठी मात्र सुईच्या भरवशावर माळ ओलांडावयाचा होता. होकायंत्र कमरेशी धरून दीपक ऐटीने पुढे चालला. रुपलीने सांगितलेले अंतर संपले, तरी झेंड्याचा पत्ता नव्हता. सागाच्या वाळक्या पानांचा चुरा तुडवीत ते पुष्कळ वेळ भटकले. अखेर झेंडा सापडला, तेव्हा दुसऱ्या तुकडीची नायिका पुनम आपल्या सोबत्यांसह तेथे आधीच उभी होती.

“काय दीपकभाऊ, झोप घेऊन आले का?” पुनम हसून म्हणाली.

दीपकचे कान तापले. तो रुपलीवर उखडला. “तुले पावलं बी मोजता येत नाहीत का? जंगलातली म्हणे! हिच्यापायी उशीर झाला आमाले!”

पुनमचे सोबती हसले. रुपली एवढेच म्हणाली, “मी बराबर मोजले.” आणि ती पुढची पावले मोजू लागली.

तिसऱ्या झेंड्यासाठी सुईने त्यांना एका अरुंद दरीत उतरविले. दोन्ही बाजूंना काळे कडे उभे होते. कोरड्या ओढ्यात हंड्याएवढे धोंडे पसरले होते आणि कड्याच्या पोटाला आग्या मोहोळाची पोळी काळ्या चादरीसारखी लोंबत होती. दीपकने पुन्हा पुन्हा नकाशा पाहिला. नकाशात झेंड्याच्या वाटेवर दरीच नव्हती!

इतक्यात एक शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालून गेला. क्षणात दरी घोंघावू लागली!

“खाली पडा! हलू नका!” रुपली ओरडली.

दीपक पालथा पडला. बबलू मात्र पळत सुटला. धोंडा सरकला! पाय मुरगळला! किंचाळी फोडून तो ओढ्यात कोसळला. रुपली सरपटत त्याच्यापाशी गेली, तिने आपली ओढणी दोघांच्या अंगावर घेतली आणि श्वास रोखून पडून राहिली. दीपकच्या कानाला, मानेला निखारे लागल्यासारखे डंख झाले. पुष्कळ वेळाने ते भयंकर घोंघावणे कड्याकडे परतले.

तिघे हळूहळू सरपटत दरीच्या वळणापलीकडे गेले. बबलूचा घोटा सुजून आला होता आणि पाण्याची बाटली फुटली होती.

“मी मरस का वं अक्का?” त्याने रडवेल्या आवाजात विचारले.

“पाय मुरगळला म्हणून कोणी मरते का?” रुपली म्हणाली आणि घोट्याला बांधावयास पळसाची पाने आणण्यासाठी गेली.

आधाराला काठ्या तोडाव्या म्हणून दीपकने विळा काढला. काठ्या तोडून झाल्यावर त्याने तो नकाशावरील होकायंत्राशेजारी ठेवला. सुई गर्रकन वळली! त्याने विळा दूर नेला. सुई परतली. त्याने पुन्हा जवळ आणला. सुई पुन्हा वळली. सकाळपासून त्याच्या कमरेचे लोखंड सर्वांना भरकटवीत होते आणि तो दोष मात्र त्याने चारचौघांत रुपलीच्या माथी मारला होता.

रुपली पाने घेऊन आली. त्याची नजर होकायंत्रावर खिळलेली पाहून तिने विचारले, “काय झालं?”

“हे... हे होकायंत्रच खराब हाये,” दीपक म्हणाला.

असत्य किती सहज बाहेर पडले! परंतु त्याचा परिणामही तत्काळ पुढे उभा राहिला.

“मग दिशा कशी समजंन?” रुपलीने वर पाहिले. सूर्य कड्याआड गेला होता, ऊन फक्त माथ्यावर उरले होते. “मी कड्यावर चढते. तिथून तळाचा धूर दिसंन.”

“तिकडे मोहोळ शे ना!” बबलू कण्हला.

“दुसरी वाट हाये का?”

ती कपारीत पाय रोवून चढू लागली. एक पाऊल. आणखी एक. वर काळी पोळी अजून थरथरत होती. खाली निर्दोष होकायंत्र हातात धरून दीपक उभा होता. खरे सांगितले, तर शिक्षकपद गेले. न सांगितले, तर ही मुलगी त्याच्या लबाडीपायी मोहोळाखालून जाणार होती!

“रुपली, उतर!” तो ओरडला. “होकायंत्र चांगलं हाये! माझ्या विळ्यानं सुई फिरली. तू बराबर मोजले होते. मी खोटं बोललो.”

ती उतरली. पुष्कळ वेळ तिने त्याच्याकडे पाहिले. त्यापेक्षा पुन्हा माश्या अंगावर आल्या असत्या, तरी परवडले असते, असे दीपकला वाटले.

“चुकलो मी,” तो पुटपुटला.

“इथं दरीत नको सांगू,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर बोलला होता ना? सगळ्यांसमोरच सांग. दे ते होकायंत्र.”

दक्षिणेला चालत राहिले, की वनखात्याचा गाडीरस्ता आडवा येणारच, हे सरावात शिकविलेले होते. होकायंत्र घेऊन रुपली पुढे निघाली आणि कमरेचा विळा सुईपासून दूर राहावा म्हणून बबलूला पाठीवर घेऊन दीपक बऱ्याच अंतरावरून मागे चालू लागला. टेकडी चढताच बबलू एकदम ओरडला, “भाऊ, झेंडा! त्या सालईवर देख!”

पलीकडच्या उतारावरच्या झाडाला तिसरा झेंडा फडफडत होता. पुनमची तुकडी आसपास कुठेच नव्हती!

“माले बसाड आठे. तुम्ही दोन्हीजण पयत जाईसन झेंडा लई या,” पाठीवरून उतरू पाहत बबलू म्हणाला. पण त्याचा घोटा वांग्यासारखा काळानिळा झाला होता आणि ओठ कोरडे पडले होते. दीपकने झेंड्याकडे पाहिले. मग गळ्यातील शिटी तोंडाला लावली आणि माघारीची खूण म्हणून ती लांब, पुन्हा पुन्हा वाजविली. शिबिराच्या नियमाप्रमाणे त्यांची स्पर्धा तेथे संपली.

सूर्य मावळण्याच्या आत शिटी ऐकून शिबिराचे पंच धावत आले आणि बबलूला झोळीतून तळावर नेण्यात आले. औषधपाणी झाल्यावर सर्व तुकड्या चुलीभोवती जमल्या.

“झालं काय होतं रे?” प्रेमराजभाऊंनी विचारले. “पुनम म्हणते, रुपलीनं पावलं चुकवली.”

दीपक उभा राहिला. त्याने सर्व सांगितले. विळा सांगितला, माळावरचा आरोप सांगितला, दरीतले असत्यही सांगितले. विळ्याच्या गोष्टीला मुले पोट धरून हसली. असत्यावर मात्र कोणी हसले नाही. पुनमने मान खाली घातली.

तिन्ही झेंडे सर्वांआधी गाठल्यामुळे शिक्षकपद पुनमला मिळाले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या, दीपकनेही वाजविल्या. त्यानंतरही तो तसाच उभा राहिला, कारण खाली बसण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही, हेच त्याला कळेना.

“बस आता दीपकभाऊ,” रुपली म्हणाली आणि तिने चटईवर थोडी जागा करून दिली.

तो बसला. परंतु त्या दिवशी त्याला तिच्या डोळ्यांकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही.