जाळीचं मडगार्ड

“ती सीट लेडीज सायकलची आहे.”

दिल्लीत, झंडेवालानच्या सायकल बाजारात, जुन्या सुट्या भागांच्या ढिगापुढे, कुणी मराठीत बोलेल असं सुखदाला वाटलंच नव्हतं. तिने वळून पाहिलं. तोंडावर मास्क, हाताला ग्रीस... डोळे मात्र हसरे.

“तुम्ही आईशी फोनवर बोलताना ऐकलं,” तो म्हणाला. “मी साकेत. ही बघा — रुंद, नाक आखूड. जेंट्सची लांबट असते.”

“अच्छा! नाकावरून ओळखायचं?”

“सीट नाकावरून. माणूस डोळ्यांवरून.”

किती दिवसांनी हसली ती! मार्चमध्ये बाबा गेले होते. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर नोव्हेंबरअखेर सोडून आईला पुण्याला न्यायचं होतं, आणि त्याआधी बाबांची सायकल चालती करायची होती.

मग दर रविवारी साकेत गाझियाबादहून मेट्रोने तिच्याकडे सायकल दुरुस्त करायला येऊ लागला, धुरकट हवेत खोकत. त्याच्याकडेही जुनी जेंट्स सायकल होती. तिला एक स्क्रूसुद्धा परका चालत नसे. भारी सोवळं होतं तिचं! बाबांच्या सायकलचं मागचं मडगार्ड पाहून तो म्हणाला, “कडेला ही बारीक भोकं... हे लेडीजचं. बाबांना कुणीतरी फसवलंय.” सुखदाने मान डोलावली. ते बाजारात देऊन दोघांनी जेंट्सचं आणलं.

सायकल तयार झाल्यावर, मार्चपासून प्रथमच, आई त्या सायकलपाशी आली. मडगार्डवरून फिरणारा हात थांबला.

“भोकं कुठे गेली गं?”

सुखदाने साकेतकडे पाहिलं.

“लग्नानंतर यांनी मुद्दाम बसवलं होतं. दोरे ओवून जाळी केली होती. मी मागे बसायचे ना... साडी चाकात जाऊ नये म्हणून.” एवढं बोलून आई पायरीवरच बसली.

साकेतचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ऑफिस बुडवून त्याने अख्खा बाजार पालथा घातला. मडगार्ड भंगारात गेलं होतं. तसा मेसेज आला, आणि मग काहीच नाही. दोन रविवार रिकामे गेले. सुखदाला त्याचा राग येई आणि नजर मात्र सारखी गेटकडे जाई. प्रेमच ते, दुसरं काय?

निघायच्या दिवशी ट्रकमध्ये सामान चढत असताना तो आला. गाझियाबादहून थेट सायकलवर. आणि त्या सोवळ्या सायकलला मागे भोकांचं मडगार्ड, त्यात वेडीवाकडी हिरवी जाळी!

“तुमचं नाही मिळालं,” तो धापा टाकत म्हणाला. “हे दुसरं. जाळी मीच विणली... शिकायला दोन आठवडे गेले.”

“जेंट्स सायकलला? चूक आहे हे.”

“बिल्कुल.” तो खाली बघत राहिला. “सुखदा... मला तुम्ही आवडता. आधीच सांगायला हवं होतं.”

“आज सांगताय? यार, ट्रक भरलाय माझा!” ती म्हणाली. “मलाही आवडता... पण आईला एकटं कसं सोडू?”

आई जवळ आली. जाळीवरून तिने हात फिरवला. “एक चक्कर मारून या,” ती म्हणाली. “ट्रकवाल्याला मी थांबवते.”

सुखदा मागे बसली. गेटपर्यंत, पाण्याच्या टाकीला वळसा, आणि परत. ट्रकपाशी उतरताना तिने ओढणी चाचपली. कुठेच अडकली नव्हती. अडकली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.