फेरतपासणी: नाही

नव्या सरकारी वकिलांना अपिलाचं काम शिकवायचं तर माजिवड्याच्या त्या कचेरीत एकच रीत होती, नमुना फाइल. आरोपी सुटलेला एक जुना खटला वाचायला द्यायचा आणि हायकोर्टात अपील करावं की नाही, यावर पानभर मत लिहून घ्यायचं. दहा वर्षं एकच फाइल फिरत होती. पुठ्ठ्यावर निळ्या शाईत कोणीतरी वळणदार अक्षरात 'नमुना' लिहिलेलं. दहा वर्षं पोरं इमानेइतबारे 'अपिलास योग्य नाही' असं लिहीत होती आणि चहाला जात होती.

यंदा शिकवायला डोंबिवलीची दर्शना भोईर होती. बाई फटकळ, पण कामाला वाघ. तिची उमेदवारीही याच कचेरीत गेलेली.

खटला मोहन्याच्या शेवंतीचा. चाळीच्या मालकाने तिला जिन्यावरून ढकललं आणि ती गेली. पाहणारी एकटी तिची आई, गंगुबाई. बचावाच्या वकिलाने उलटतपासणीत तिच्याकडून वदवून घेतलं की जिन्यात भरदुपारीही अंधार असतो, तोंड दिसलं नाही. झालं! आता सरकारी वकिलाने उठून एखाद्या प्रश्नाने सावरायचं, की नाही? एक्केचाळिसाव्या पानाच्या तळाशी टाइप केलं होतं, 'फेरतपासणी: नाही.' खाली म्हातारीचा अंगठा. मालक सुटला.

सोमवारी वर्गात उत्तनचा केव्हिन हात वर करून म्हणाला, "मॅडम, तोंड नाही दिसलं तर ओळखलं कशावरून, हे कोणी विचारलंच नाही?"

दर्शनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाही विचारलं! एका वाक्याचे कष्ट झाले नाहीत त्या माणसाला! आपली पोर गेली असती तर असाच बसून राहिला असता का, असं ती तासभर बोलत राहिली. पोरं माना खाली घालून ऐकत होती.

मंगळवारी फाइल उघडली तर तिच्यात बेचाळिसावं पान होतं.

तसाच पिवळट कागद, तसाच फिका टाइप, कोर्टाचा तसाच अर्धवट उठलेला गोल शिक्का. 'प्रश्न: ओळखले कशावरून? उत्तर: पायावरून. तो डावा पाय ओढतो. ती खरड मी पंधरा वर्षे ऐकते आहे.' खाली अंगठा. मागच्या पानावर आता नुसतंच 'फेरतपासणी:' होतं. 'नाही' तिथे नव्हतं.

कोणाचा तरी वात्रटपणा, म्हणून तिने आधी केव्हिनला फैलावर घेतलं. त्याने गळ्यातल्या क्रॉसला हात लावून शपथ घेतली. मग तिने कल्याणच्या कोर्टात, रेकॉर्ड रूमला फोन लावला. तिथल्या मूळ साक्षीत एक्केचाळीसच पानं होती.

तिने फाइल हेडक्लार्क वासंतीबाईंपुढे आपटली. त्यांनी नव्या पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "मॅडम, ही झेरॉक्स नाही. ही कोर्टाची शिक्क्याची प्रत. अपिलाच्या निर्णयासाठी हीच वर, मंत्रालयात जायला हवी होती."

वर गेली झेरॉक्स. शिक्का नाही म्हणून ती परत आली, कोणी पाहिलं नाही, अपिलाचे नव्वद दिवस उलटले. गंगुबाई मात्र दर मंगळवारी मोहन्याहून यायची, बाहेरच्या बाकावर बसायची आणि 'वर गेलं का?' एवढंच विचारायची. गेलंय, येईल, असं वासंतीबाई सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी म्हातारी वारली.

"म्हणजे अपील करायचं की नाही, हे कोणी ठरवलंच नाही," दर्शना म्हणाली. "शिकवायला बरी म्हणून फाइल ठेवून घेतली!"

वरातीमागून घोडं तर घोडं, पण उशीर माफ करण्याचा अर्ज करायचाच, असं तिने ठरवलं. अर्जाला प्रतिज्ञापत्र लागतं. उशीर कोणामुळे झाला, ते त्यात नावानिशी लिहावं लागतं. तिने मसुदा केला आणि नावाची जागा मोकळी ठेवली.

"राहू द्या ना, मॅडम," वासंतीबाई म्हणाल्या. तिने ऐकलं नाही.

बुधवारी ती वर्गात कडाडली, "ही प्रत इथे अडकवून ठेवली कोणी? मला नाव पाहिजे. त्याला मी शपथेवर उघडं पाडणार आहे!" सगळ्यात मागचा बाक रिकामा होता. संध्याकाळी तिने फाइल डोंबिवलीला घरी नेली, कपाटात घातली आणि किल्ली पर्समध्ये ठेवली.

गुरुवारी वर्गात ती तिनेच उघडली. त्रेचाळिसावं पान होतं. सवयीने ती मोठ्याने वाचू लागली.

'प्रश्न: प्रत कोणी अडकवून ठेवली? उत्तर: नाव ठाऊक नाही. वकीलबाई होती, तेव्हा नवीन. मी बाकावर बसले होते. ही स्वच्छ आहे, नमुन्याला हीच ठेवू, वर झेरॉक्स लावा, असे ती म्हणाली.'



दहा वर्षांपूर्वीचा तो एप्रिल तिला आठवला. टेबलावर गठ्ठे होते. दाराबाहेर बाकावर कोणीतरी म्हातारी बसलेली. अशा कितीतरी बसत.

तिने फाइल मिटून पुठ्ठा पाहिला. 'नमुना'मधला न तिचा होता. चार दिवस ती तेच अक्षर वाचत होती.

"पुढे काय आहे, मॅडम?" केव्हिनने विचारलं.

पुढे एकच ओळ होती, तिच्याखाली अंगठा. असली ओळ तिने शेकडो साक्षींत वाचली होती, आणि दर वेळी वाचून तिला बरं वाटलं होतं.

'ती व्यक्ती आज समोर हजर आहे. साक्षीदार बोट दाखवते.'

तिने मान वर केली नाही. प्रतिज्ञापत्राचा मसुदा पुढे ओढला आणि मोकळ्या जागेत सावकाश लिहिलं, दर्शना भोईर.

मग ती पुन्हा पानाकडे वळली. अंगठ्याच्या वर आता आणखी एक ओळ होती.

'उलटतपासणी: नाही.'