वरचे सर, खालच्या मॅडम

ती जिना चढली ती भांडायलाच.

तिचं काम कान तपासायचं. तळमजल्यावर काचेची खिडकी असलेली एक बंद खोली होती. आत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक शिट्या ऐकवायच्या. शिटी ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. पण ज्याच्या डोक्यावर नेमका तेव्हाच अख्खा वर्ग बाक सरकवतो, तो बिचारा कसली शिटी ऐकणार? त्या आठवड्यात एक धडधाकट गृहस्थ तिच्या कागदावर अर्धे बहिरे ठरले होते. त्यांची बायको मात्र खूश होऊन गेली. इतक्या वर्षांनी नवऱ्याच्या वागण्याला काहीतरी कारण सापडलं.

वर इंग्रजीचा वर्ग चालायचा. विद्यार्थी सगळे नोकरीधंद्याची मोठी माणसं. फळ्यापाशी, बाहीला खडू लागलेले, तरुण सर. फळ्यावर दोन शब्द : हिअर आणि लिसन.

“हिअर म्हणजे ऐकू येणं,” सर सांगत होते. “त्यात आपली काही कर्तबगारी नाही. कान उघडे होते, आवाज आत शिरला, संपलं. लिसन म्हणजे ऐकणं. तिथे मन द्यावं लागतं. म्हणून लिसनच्या पुढे ‘टू’ येतो. कोणाकडे तरी वळावं लागतं…”

“मग माझ्याकडे वळता का जरा?” ती दारातून म्हणाली.

वर्ग हसला. सर वळले, आणि पुढचं वाक्य विसरले.

“खाली माझ्या पेशंटना शिट्या ऐकू येत नाहीत, सर. तुमचा वर्ग येतो.”

“माफ करा मॅडम, आम्हाला खरंच कल्पना—”

“काल फोन केला होता मी.”

“हो… ऐकलं होतं मी.”

“नाही. तुम्हाला ऐकू आलं होतं,” ती म्हणाली. “फरक तुम्हीच शिकवताय ना?”

मागच्या बाकावरच्या शिंपीणबाईंनी चक्क टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रत्येक बाकाच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकले. स्वतः ठोकले, हे अंगठ्यावरच्या पट्टीवरून कळत होतं. वर्गाचं मोठ्याने म्हणणं बंद झालं. आता सगळे कट शिजवल्यासारखे कुजबुजत इंग्रजी शिकू लागले. आणि संध्याकाळी सर खाली यायचे.

“आज आवाज आला का हो?”

“आला… थोडासा.”

आला नव्हता. तिचा कागद आता खोटं बोलत नसे, पण तोंडाची हमी कोणी दिली होती? सर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला यायचे. ज्याला खरंच आवाज बंद करायचाय तो माणूस इतका आनंदाने “थोडासा” ऐकून घेत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने लक्षात आल्याचं दाखवलं नाही, इतकंच.

एकदा म्हणाले, “माझेही कान तपासा.” तिने बसवलं. सर बटण दाबत सुटले.

“मी शिटी द्यायच्या आधीच दाबताय तुम्ही!”

“त्याआधी तुमचा उजवा खांदा हलतो.”

“परीक्षा कानांची आहे, सर. डोळ्यांची नाही.”

“मग काच कशाला ठेवलीत?”

तिने त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. लाल झालेलं तोंड लपवायला तिच्याजवळ दुसरा उपाय नव्हता.

मग तिच्या मावशीने तपासणीसाठी नवी जागा शोधली. हे तपासणी केंद्र मावशीचंच, मावशी कानांची डॉक्टर, आणि तिच्या दवाखान्याजवळच एक गाळा रिकामा झाला होता. “बघून ये. आवडला तर हलू, नाहीतर राहू. तूच ठरव,” मावशी म्हणाली. तिला राहायला एकच कारण हवं होतं, आणि ते आपल्या तोंडाने सांगायची तिची तयारी नव्हती.

तिने जिन्यात सरांना गाठून नव्या जागेचं सांगितलं.

“तिथे वर कोणी नाही म्हणे. नुसती गच्ची.”

“अरे वा! म्हणजे शांतता.”

“हो… लांब आहे पण. मग इकडे येणं व्हायचं नाही.”

“जागा मोठी आहे?”

“मोठी आहे.”

“मग घेऊनच टाका, मॅडम! अशी जागा परत मिळत नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

काही ‘बरं’ना तळघर असतं. सर वरच्या मजल्यावरूनच परत फिरले.

पुढल्या आठवड्यात नवी तुकडी आली. फळ्यावर पुन्हा तेच दोन शब्द. “हिअर म्हणजे ऐकू येणं. कान उघडे होते, आवाज आत शिरला…” सर म्हणाले, आणि थांबले. *लांब आहे पण…* खडू हातातच ठेवून ते जिना उतरले. उतरले कसले, घसरले.

खाली काचेआड एका आजोबांची तपासणी चालू होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. सर मुकाट उभे राहिले, ती सगळ्या शिट्या संपवेपर्यंत. तिने आजोबांचे हेडफोन काढले, खोलीचं दार उघडलं आणि भुवया उंचावल्या.

“त्या दिवशी जिन्यात… तुम्ही लांब आहे म्हणालात. मला सगळं ऐकू आलं होतं. ऐकलं मात्र नाही.”

“आणि आता?”

“आता ऐकलं. जाऊ नका.”

“का?”

“कळलंय तुम्हाला.”

“मी अंदाजाने काही नोंदवत नाही, सर. स्पष्ट पाहिजे.”

सरांनी श्वास घेतला. “आवडता तुम्ही मला. ट्यूबचे तुकडे ठोकले तेव्हापासून… नाही, दारातून भांडलात तेव्हापासून.”

“मला नीट ऐकू आलं हं,” आत चपला शोधत आजोबा म्हणाले. “मशीन लागायचं नाही.”

ती हसली, डोळे पुसले, आणि आजोबांना दारापर्यंत सोडून तिने फोन लावला. “मावशी, जागा बघितली. फार छान आहे… नको… नाही गं, भाडं नाही, उजेडही चांगलाय… कारण? कारण असं की, वरचे सर…”

  मावशीचं सगळं आयुष्य लोकांच्या कानांत गेलं होतं. तिला एवढं पुरलं.

“त्याच्याकडे दे फोन.”

सरांनी खडू खिशात टाकला, शर्ट नीट केला आणि फोन कानाला लावला. बराच वेळ ते नुसते ऐकत होते.

“हो,” शेवटी ते म्हणाले. “हो… हो, मावशी.”

मावशी म्हणा, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.