नदीपलीकडची काठी

दिसलं

प्रकाशा गावचा घाट, भर दुपार. निजाम पिंजारी जुन्या गादीचा कापूस काठीनं झोडतोय. समोर खेमराजशेठ बसलेत. शेठ उठतात. काठी वर जाते, खाली येते. शेठ कोसळतात. निजाम नदीकडे धावतो.

ऐकलं

ठक.

विचारलं

"शेठ गेले, अब्बा कोठडीत," निजामची मुलगी रिम्शा म्हणाली. "बघणारा खोटारडा असता तर भांडले असते. पण भिकनकाका खोटं बोलत नाही, ताई. म्हणूनच भीती वाटते."

कोकिळा वळवी शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर खासगी तपासाचं काम करायची. त्याआधी बारा वर्षं तिनं दवाखान्यात लोकांचे कान तपासले होते. तिचे जोडीदार भटूअण्णा, निवृत्त कंडक्टर.

"साक्षीदार खरा, मग आपण काय करायचं?" अण्णांनी विचारलं.

"तो कुठे बसला होता ते बघायचं."

भिकन घाटाच्या समोर, नदीपलीकडे, बाजरीच्या मचाणावर पाखरं राखत होता. बोलता बोलता त्याचा उजवा हात रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनवर दांडकं मारत होता.

"शेठ उठना. निजामनी काठी उगारी. ठक! शेठ पडना. मन्हा डोयानी दखं, ताई."

"काठीबरोबरच ठक आला? की जरा मागून?"

"तवाच!"

"तेव्हा कॅन वाजवत होतास?"

"नही. मी तिकडेच दखी ऱ्हायंतू."

"आणि पाखरं?"

"सगया थवा उडी गया तवा. त्यासले बी समजनं व्हई, खून व्हयना."

अण्णा हळहळले. कोकिळा नदीचं पात्र बघत होती.

"मग निजाम नदीकडे पयना. मी पारसशेठले फोन लावा, तुन्हा बापले निजामनी मारं."

पारस म्हणजे खेमराजशेठचा मुलगा. कापडाच्या दुकानात तो गाठ पडला. बोटांच्या पेरांवर चिकटपट्ट्या.

"पिंजारी कापूस बदलतात. म्हणून मालकानं समोर बसायचं, ही इथली रीतच आहे. बाबांनी पकडलं असेल, त्यानं काठी घातली."

"हाताला काय झालं?"

"शटर लागलं."

"बाबांना दवाखान्यात कोणी नेलं?"

"मीच. लगेच."

आत पारसच्या आई पानीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "पर्युषण होतं. पाचवा उपवास त्यांचा, नुसतं उकळलेलं पाणी. म्हटलं, उन्हात जाऊ नका. तर म्हणे, कापूस कोण बघणार?"

पोलिसांचे कागद मोजकेच होते. जखम डोक्याच्या मागे. घाटावर निजामची टोपी, ओलीचिंब. भिकनचा फोन बारा दहाचा. शहाद्याच्या दवाखान्यातली नोंद एक चाळीसची.

"अण्णा, प्रकाशा ते शहादा?"

"एसटीनं पंचवीस मिनिटं. खड्डे धरून."

उसवलं

दुसऱ्या दिवशी दुपारी मचाणाखाली फौजदार, पारस, पानीबाई आणि रिम्शा उभे होते. भिकन वर होता, कोकिळा त्याच्या मागे. समोर घाटावर अण्णा काठी घेऊन. पुढ्यात कापूस आणि एक शिपाई.

शिपाई उठला. काठी वर गेली, खाली आली. ठक! शिपाई खाली बसला.

"मारं!" भिकन ओरडला. "अण्णानी पोलिसले मारं!"

फोनवर अण्णा चिडले. "कोणाला मारलं? कापसावर मारली मी! हा आपणहून बसला!"

भिकननं मागे पाहिलं. दांडकं कोकिळाच्या हातात होतं.

"आता पुन्हा बघ." या वेळी तिनं कॅन वाजवला नाही.

भिकनचा आवाज खाली आला. "काठी... कापूसवर पडनी."

"अण्णा, आता दगडी पायरीवर मारा."

काठी पायरीवर पडलेली दिसली. एक श्वास गेला. मग बारीकसा ठक आला.

"पात्र इथे चारशे मीटरच्या वर आहे," कोकिळा म्हणाली. "तिकडचा आवाज यायला सेकंदाहून जास्त लागतो. भिकनदादाला तो काठीबरोबरच आला. म्हणजे आवाज अलीकडचा. पाखरंही अलीकडचीच उडाली. पलीकडच्या काठीला ती कशाला भितील? कॅन त्याच्याच हातानं वाजला. दिवसभर वाजतो, आता त्याला तो ऐकूच येत नाही. डोळ्याला काठी दिसली, कानाला ठक मिळाला, एकाच क्षणी. मेंदूनं दोन्ही एकत्र शिवून टाकलं. त्याला मार खरंच दिसला. झाला मात्र नव्हता."

"मग बाबा?" पारसनं विचारलं.

"मालक पिंजाऱ्याच्या समोर तोंड करून बसतो. काठी कपाळावर लागली असती. जखम मागे आहे. पाच दिवसांचा उपाशी माणूस उन्हात झटकन उठला, चक्कर येऊन मागे पायरीवर पडला."

"निजाम पळाला कशाला?" फौजदार म्हणाले.

"नदीकडे? तिथून कुठे जाणार? भांडं नव्हतं, टोपीत पाणी आणायला गेला तो." ती पारसकडे वळली. "दुकानातून घाट पाच मिनिटांवर, पुढे शहादा पंचवीस. पाऊण वाजायच्या आत शेठ दवाखान्यात हवे होते. एक तास कुठे गेला, पारसभाऊ?"

पारस चिकटपट्टी खरवडू लागला.

"आम्ही... निजामला मारत होतो. तो सारखा म्हणत होता, पहले सेठजी को उठाओ."

पानीबाईंनी डोक्यावरचा पदर घट्ट धरला. "तेव्हा जीव होता त्यांच्यात?"

रिम्शानं त्यांचा हात धरला.

राहिलं

निजाम सुटला, डाव्या हाताला प्लास्टर घेऊन. आठवड्यानं पानीबाई त्याच्या दारात आल्या. रिक्षात कापसाचं गाठोडं होतं.

"हात बरा झाला की गादी पुरी करून दे."

सवयीनं निजामनं उजव्या हातानं मालकानं बसायचा पाट समोर सरकवला.

पैलतीरी कॅन वाजत नव्हता. पाखरं बाजरीवर निवांत बसली होती.

पानीबाईंनी पाट उचलला, भिंतीला उभा करून ठेवला आणि त्या निघून गेल्या.