ओट्यावरचा उजेड

"खाली उतरा!" दिव्यांच्या दुकानात पाऊल टाकताच मी ओरडले.

तो शिडीवर उभा होता, दोन्ही हातांत बल्ब. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या खोक्याकडे.

"उतरतो... पण त्यात फेकून मारण्यासारखं काही असेल तर मी वरच बरा."

"केक आहे. तुमच्या दिव्यांनी वाट लावलेला."

मी झाकण उघडलं. त्यानं वाकून पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"हसलात तर शिडी ओढीन!"

हसण्यासारखाच होता म्हणा... दारातून येणाऱ्या उन्हात वांग्यासारखा चमकत होता मेला. मी घरी केक करते. ही पहिलीच मोठी ऑर्डर, संध्याकाळच्या लग्नाची. नवरीला हवा होता फिकट जांभळा, तिच्या झग्यासारखा. पण वहिनीनं परवाच स्वयंपाकघरात पिवळे दिवे लावून घेतले होते, याच्याच दुकानातून, याच्याच सल्ल्यानं. त्या उजेडात क्रीम राखेसारखं दिसायचं, म्हणून मी थेंब थेंब रंग वाढवत गेले. नवरीच्या मावशीनं अंगणात खोका उघडला आणि तोंड फिरवलं. "संध्याकाळपर्यंत दुसरा आण, नाहीतर राहू दे." दादा टपलेलाच होता. हा केक बुडाला की माझे उद्योग बंद, आणि मी त्याच्या ऑफिसात टायपिंगला!

"वहिनी म्हणाल्या, स्वयंपाकघर सुंदर दिसायला हवं," तो म्हणाला.

"आणि तिथं काम कोण करतं, काय करतं, ते विचारलंत?"

तो सावकाश खाली उतरला. "नाही विचारलं. चुकलं माझं."

मला भांडायचं होतं हो! समोरच्यानं चूक कबूल केली की भांडण लंगडं होतं. त्याचाही राग आला.

सामान घेऊन तो माझ्यामागोमाग घरी आला. "रोज उभ्या राहता तशा उभ्या राहा," म्हणाला. मी ओट्याशी उभी राहिले. दिवा पाठीमागे, माझीच सावली भांड्यात. घरभर उजेड, अंधार नेमका माझ्या हातापाशी... हे आजवर कुणाला दिसलंच नव्हतं.

त्यानं कपाटाखाली पांढऱ्या दिव्याची पट्टी बसवली. मी क्रीम फेटत होते, राग फेटत होते. रंगाचा एकच थेंब टाकला आणि वाटी खिडकीत नेली. ऊन पडलं तरी रंग तोच राहिला, फिकट, हळवा जांभळा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी खेकसले, "ते पिवळेही काढा!"

"टेबलावरचा राहू द्या ना," बाकीचे काढता काढता तो म्हणाला. "जेवताना माणसं एकमेकांना बरी दिसावीत."

"म्हणजे इथे मी बरी दिसत नाही?"

"इथे तुम्ही..." तो थांबला. "गालाला क्रीम लागलंय."

"विषय बदलू नका!"

"तोच तर बोलतोय."

"अगं बाई, माझे दिवे कुणी काढले?" दारात वहिनी.

"मी!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. वहिनीनं याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दिव्यांचं दुःख विसरलीच.

नव्या क्रीमचा केक पोचवायला तोही आला. मावशीनं केक नवरीच्या झग्याशेजारी धरला. एकदा इकडून पाहिला, एकदा तिकडून, मग म्हणाली, "हं. पुढच्या महिन्यात धाकटीचं लग्न आहे. तिचाही तूच कर."

आम्ही दोघं फाटकाबाहेर आलो.

"उद्या येऊ?" त्यानं विचारलं.

"कशाला? दिवे बसलेत."

"दिव्यांसाठी नाही..."

"मग सरळ बोला की! मघापासून नुसतं थांबताय!"

"तुम्ही आवडता मला. रागावलेल्या असलात तरी."

"तरी? तरी म्हणजे काय?"

इतक्या जोरात ओरडले की मावशी धावत बाहेर आली. तोवर माझा हात त्याच्या हातात गेला होता, आणि मी तो काढून घेतला नाही.