ठरावातली दुसरी ओळ

प्रार्थनेआधी प्रत्येक मुलाने भिंतीवरच्या नळीत फुंकर मारायची, ही सोनपारच्या शाळेतली रीत एव्हाना सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. मूल छाती भरून श्वास घ्यायचं, नळीत सोडायचं आणि वरच्या छोट्या पडद्यावर एका खाणीचं नाव उमटायचं. बहुतेकांचं एकच यायचं : दुर्गामाळ. नाव वाचून मुलं हसायची आणि ओळीत जाऊन उभी राहायची.

ते यंत्र विशाखा रामटेकेने बनवलं होतं. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्याच कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. प्रत्येक खाणीच्या कोळशात काही विरळ धातू ठरावीक प्रमाणात असतात. कोळसा जळून त्याची काजळी झाली, तरी ते प्रमाण बदलत नाही. श्वासाबरोबर परत येणारे मोजके कण पकडायचे आणि त्यांचा माग थेट खाणीपर्यंत लावायचा, म्हणून तिने यंत्राचं नाव ठेवलं ‘कणमाग’. डॉक्टरांना मदत व्हावी, एवढाच तिचा हेतू होता.

मग एका दुपारी संस्थेचा वार्षिक अहवाल चाळताना तिला तेच नाव दिसलं. संस्थेच्या कायमनिधीतला मोठा हिस्सा दुर्गामाळ खाणीच्या कंपनीच्या शेअर्समध्ये होता. मुलांच्या छातीत जे साचत होतं, त्यात त्यांच्याच शाळेने पैसे घातले होते.

तिने एका ओळीचा ठराव लिहिला : संस्थेने कोळशातली आपली सगळी गुंतवणूक काढून घ्यावी. तो घेऊन ती दोन वर्षं आजीव सदस्यांचे उंबरठे झिजवत राहिली. काहींनी चहा दिला, पण सही दिली नाही. काहींनी दारच उघडलं नाही. कॉलेजात तिच्या टेबलाशी डबा उघडून बसणारे सहकारी एकेक करून दुसऱ्या खोलीत जेवू लागले. गावातलं प्रत्येक तिसरं घर खाणीवर चालत होतं. तिच्या धाकट्या भावाचंही. यशोधन दुर्गामाळला डंपर चालवायचा.

“ताई, तुले काय वाटते, मले खोकला येत नाही?” तो एकदा म्हणाला. “येते. पण त्या खोकल्यासंगं माह्या घरी चूलही पेटते. तू ते बंद करून देशील काय?”

“मी खाण बंद करा म्हणत नाही, यशू. आपल्या शाळेने त्यात पैसे ठेवू नयेत, एवढंच.”

“एकच हाय ते,” तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. दर रविवारी तो तिच्याकडे जेवायला यायचा; त्यानंतर आला नाही. विशाखा एकटीच राहायची. काही रविवार तिने सवयीने दोघांपुरता भात टाकला.

ठराव अखेर नियामक मंडळापुढे आला, तेव्हा मतं समसमान पडली. राहिलं अध्यक्षांचं मत. पावडे सर ऐंशीच्या पुढचे. विशाखाला त्यांनीच शाळेत शिकवलं होतं.

“बाई, तुझी शिष्यवृत्ती याच शेअर्सच्या लाभांशातून निघायची,” ते म्हणाले. “ठाऊक होतं?”

“नाही सर. आजच कळतंय.”

“कळल्यावरही ठराव मांडतेस?”

“मांडते.”

विशाखाने सोबत आणलेलं यंत्र सरांनी टेबलावरून पुढे ओढलं आणि नळीत जमेल तेवढा श्वास सोडला. त्यांना मोतीबिंदू होता. “काय आलं, वाच.”

“दुर्गामाळ, सर.”

“मी तर कधी खाणीत उतरलो नाही.” त्यांनी यंत्र बाजूला सारलं आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला.

त्या एका मताची बातमी दूरवर गेली. पुढच्या वर्षी एका शिक्षक सोसायटीने पैसे काढले, मग एका देवस्थानाने, मग एका महानगरपालिकेच्या निवृत्तिवेतन निधीने. दुर्गामाळला नव्या यंत्रांसाठी भांडवल मिळेना. चौथ्या वर्षी खाण बंद झाली. पडद्यावर खाणीचं नाव उमटायचं तिथे आता नुसती हिरवी रेघ येऊ लागली, आणि विशाखाला दिल्लीत शाल-श्रीफळ मिळालं.

सत्कार आटोपून ती परतली, तेव्हा यशोधनच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, कच्छमधल्या सौरप्रकल्पावर मजुरी मिळाली, बायकोलाही घेऊन गेला. त्याने ताईसाठी निरोप ठेवला नव्हता. वर्षभरात बाजारातली निम्मी दुकानं उठली. मुलं कमी झाली म्हणून शाळेने दोन तुकड्या एकत्र केल्या. संस्थेने काढून घेतलेला पैसा नियमाप्रमाणे राजस्थानातल्या एका पवनऊर्जा कंपनीत गेला. सोनपारला त्यातलं काहीच आलं नाही. विशाखा आता स्वच्छ हवेत फिरायला जायची आणि वाटेत नमस्कार करणारं कुणी भेटायचं नाही.

एका सकाळी तिला फोन आला. वणीकडच्या एका कॉलेजातली तरुण प्राध्यापिका होती, श्रुती आसुटकर. तिलाही तिच्या संस्थेत तसाच ठराव मांडायचा होता.

“ताई, तुमचा मसुदा जसाच्या तसा घेतलाय. फक्त एक विचारायचं होतं. खरं सांगाल? तुमच्या गावात आता कसं आहे?”

मुलांचे अहवाल, सत्काराचे फोटो, सगळं सांगता आलं असतं. विशाखाने भावाच्या दारावरचं कुलूप सांगितलं. उठलेली दुकानं सांगितली. श्रुती ऐकत राहिली.

“मग ठराव मांडू नको का?”

“मांड. ती हवा पोरांनी घ्यायची नव्हतीच. पण माझा ठराव एकाच ओळीचा होता. पैसा कुठून काढायचा, एवढं लिहिलं. काढून कुठे घालायचा, कुणासाठी, ही दुसरी ओळ मी लिहिलीच नाही.”

“ती कशी लिहायची, ताई? तुम्ही सांगा ना.”

“मला कशी सांगता येईल?” विशाखा म्हणाली. “तुझ्या घरातलं कुणी खाणीत आहे?”

“माझे बाबा,” श्रुती हळूच म्हणाली.

“त्यांना विचारलंस?”