चार नंबरची घंटी

धंद्यात काय फुकट करावं आणि कशाचा आकार लावावा हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही, गिऱ्हाइकांनी शिकवलं. साताऱ्यातल्या माझ्या दुकानात आधी मनगटी घड्याळं होती, मग कॅल्क्युलेटर आले, मग कॉम्प्युटर. पण घड्याळ लावून देणं मी पहिल्यापासून फुकट ठेवलं. आमच्याकडे फौजेतून उतरलेली माणसं खंडीभर. त्यातले एक सुभेदार रोज सकाळी यायचे, माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे संशयानं बघायचे आणि म्हणायचे, "शेठ, तुमचं घड्याळ फारच सिव्हिलियन आहे हो." मी त्यांना चहा पाजायचो आणि काटा सरकवायचो. सुभेदार खूश, आणि त्यांच्या ओळखीची निम्मी पलटण माझी गिऱ्हाईक.

सांगायचं एवढंच, की घड्याळ मिळवायच्या कामाची कधी धास्ती वाटावी असं माझ्या आयुष्यात काही नव्हतं. आता दिवे गेलेत, चिमणी मधे आहे, तुम्ही ऐकताय, म्हणून सांगतो.

सत्त्याण्णव सालचा चैत्र. आष्टा आणि सांगलीच्या मधे लालासाहेबांचं कोल्ड स्टोरेज आहे, बेदाण्याचं. तिथली कॉम्प्युटरची मशीनं मीच दिलेली. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"अनंतशेठ, माझ्या स्टोरेजमध्ये चमत्कार होतोय. माल आधी गेटातनं बाहेर जातो आणि मग काट्यावर चढतो!"

मला हसू आलं. गेटपास निघायचा ऑफिसातल्या मशीनवर आणि वजनाची पावती काट्यावरच्या मशीनवर. दोघांची घड्याळं वेगळी, त्यामुळे कागदावर ट्रक वजनाआधीच बाहेर. एका व्यापाऱ्यानं दोन्ही कागद शेजारी धरून भर ऑफिसात लालासाहेबांची चेष्टा केली होती.

"उद्या येतो," म्हटलं. "सगळ्यांची वेळ एक करून देतो."

दुसऱ्या दिवशी निघालो. कराड सोडून मलकापूरला चहा घेतला, आणि टळटळीत दुपारी स्टोरेजच्या आवारात उतरलो. उन्हानं डोळे दिपत होते. नाकात आधी अमोनियाचा उग्र वास शिरला, आणि त्याच्याखाली बेदाण्याचा तो गोड, जरासा आंबूस वास. काँप्रेसरची घरघर पायातून वर चढायची. आत एक लांब बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना चेंबरची जाडजूड दारं. खिडकी एकही नाही. दार उघडलं की माणूस चैत्रातून एकदम पौषात जायचा. भर दुपारीसुद्धा आत पिवळा बल्ब लागायचा, आणि तो गेला की स्वतःचा हात दिसायचा नाही.

काम तसं किचकट नव्हतं, पण घरात तीन जातीची मशीनं. ऑफिसात मोठं युनिक्सचं, काट्यावर विंडोज पंच्याण्णव, आणि इंजिनरूममध्ये जुनं डॉस. तिघांची बोली वेगळी, वायर मात्र एक. अशा वेळी एकाला थोरला करायचं आणि बाकीच्यांना सांगायचं, बाबांनो, वेळ याला विचारत जा. टेलिफोनवर वेळ सांगणाऱ्या बाईचा आवाज ऐकत मी थोरल्याचं घड्याळ लावलं. काट्यावरच्या मशीनला हुकूम दिला, त्यानं निमूटपणे ऐकलं. राहिलं इंजिनरूममधलं.

तिथं धुळा होता. आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला उंच, हाडापेरानं मोठा गडी. काँप्रेसरच्या आवाजावरनं त्याचं दुखणं ओळखायचा. त्याची बायको बयाबाई चेंबरमध्ये पेट्या लावणाऱ्या बायकांची मुकादम. आत दार अडकलं तर हाक बाहेर येत नाही, म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये घंटीचं बटण होतं. ते दाबलं की धुळाच्या मशीनवर ठणठणाट व्हायचा, पडद्यावर चेंबरचा नंबर आणि वेळ उमटायची. त्या गारठ्यात, अंधारात, ते बटण म्हणजे जीव.

मी खुर्ची ओढली. धुळा आडवा आला.

"शेठ, बाकीची मिळवा. ह्याला हात नगा लावू."

"का रे? पाव तास पुढं आहे की हे."

"फुडं हाय म्हनून तर बरं हाय."

"म्हणजे?"

तो दाराकडे बघून हळू बोलायला लागला. "मागल्या साली दोन नंबरची घंटी झाली. मी पळत गेलो, दार उघाडलं, तर आत चिटपाखरू न्हाई. आलो माघारी, तर पडद्यावरची वेळ अजून व्हायची हुती. मनात काय आलं कुनास ठाऊक, दोन नंबरपाशी जाऊन हुबा ऱ्हायलो. तवर रंगुबाई आत गेली, मागनं दार बसलं, कडी आडकली. पडद्यावर जी वेळ हुती, बराब्बर त्या वेळंला मी दार वडलं. पोरीचं बोट बटनावर हुतं, शेठ... रडत हुती. दाबून दाबून बोट पांढरं फटाक."

"मग घंटी झाली असेल की तेव्हाही."

"न्हाई झाली." त्यानं मान हलवली. "घंटी एकदाच हुती. आधी. मागनं किती बी दाबा, वाजत न्हाई."

आता मी व्यापारी माणूस. लोकांच्या श्रद्धेची टिंगल करायची नाही आणि आपलं कामही सोडायचं नाही, हे माझं धोरण. म्हटलं, "धुळा, वायर सैल असेल. तीही बघून देतो."

"अनंतशेठनी सांगितलं म्हंजे वायरच असनार!" तो कसंनुसं हसला आणि बाजूला झाला.

मी वेळ बदलली. वायर बघितली, घट्ट होती. परत पडद्याकडे बघतो तर घड्याळ पुन्हा पुढं! पुन्हा बदलली, पुन्हा पुढं. मग मात्र मीही हट्टाला पेटलो. पट्ठ्याला असा बांधून टाकला, की दर मिनिटाला त्यानं ऑफिसातल्या थोरल्याला वेळ विचारावी आणि मुकाट्यानं तीच धरावी. थोडा वेळ बघत राहिलो. आता हलेना.

आमच्या धंद्यात बोलतात तसं मी बोलून गेलो. मशीन सुरू करताना तारीख भरायची, वेळ भरायची, हे रोजचंच. हात झटकले आणि मोठ्यानं म्हणालो, "धुळा, वेळ भरली बघ!"

धुळाच्या हातातला पान्हा खाली पडला.

"आवं शेठ... काय बोलताय? हितं?"

मग माझ्या ध्यानात आलं. गावाकडं वेळ भरते ती माणसाची. मी जीभ चावली. "अरे, मशीनची रे, मशीनची," म्हणेपर्यंत मशीन ठणठणायला लागलं.

पडद्यावर आलं: चेंबर चार. आणि पुढं वेळ. आत्ताची. काट्यावर काटा.

धुळा धावला, त्याच्या मागं मी. बोळात चार नंबरपाशी बयाबाई एकटीच उभी होती, पदर तोंडाला लावून. धुळानं तिला दंडाला धरून बाजूला सारलं आणि दार ओढलं. पांढऱ्या वाफेचा लोट पायांवर आला. बल्ब लावला. पेट्यांच्या भिंती, मधली वाट, आणि टोकाला ते बटण. आत कोणी नव्हतं.

"बघ," मी म्हटलं. माझा श्वास लागला होता. "वायरच."

धुळा माझ्याकडे बघतच राहिला. रागानं नाही. वेड्याकडे बघावं तसं.

"शेठ, पयलं त्ये मशीन सांगायचं तरी. अजून इतका वेळ हाय म्हनून. मी त्या वेळंला दारात हुबा ऱ्हायचो." त्यानं दार परत लोटलं. "आता घंटी तर झाली. मानूस यायचाय. आन् कवा त्ये तुमी पुसून टाकलं. आज, उद्या, दिवाळीला... तो आतनं दाबत बसंल आन् मला ऐकू यायचं न्हाई."

मी इंजिनरूममध्ये परत गेलो. घातलेले सगळे हुकूम काढले. मशीन बंद करून चालू केलं, ऑफिसाची वायरसुद्धा उपटली. म्हटलं, पळ बाबा पुढं, तुझ्या जुन्या सवयीनं पळ. पण नाही. टेलिफोनवरच्या बाईच्या तालावर ते सेकंद सेकंद चालत राहिलं. एवढं चोख काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात लालासाहेब तणतणत आले. "काय चाललंय? चार नंबरचा माल भरायचाय, ट्रक दारात उभा, आणि हा गडी बायकांना आत जाऊ देईना!"

"न्हाई जाऊ देनार," धुळा म्हणाला. "माझी बी बायको हाय त्यात."

"अरे, मग तू जा!"

"आन् मला भाईर कोन काढनार, मालक? तुमी?"

"शेठ, तुम्ही तरी सांगा याला. शिकलेसवरलेले तुम्ही."

"लालासाहेब, मी चौथी नापास आहे," मी म्हटलं. एरवी या वाक्यावर ते हमखास हसायचे. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

बयाबाई आमच्या मागोमाग इंजिनरूममध्ये आली होती. आता पुढं आली आणि माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "शेठ, मगाशी तुमी कुटं हुता?"

"इथंच. या खुर्चीत. धुळा होता की समोर."

"घंटी व्हायच्या आदी?"

"हो."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मान डोलावली. तशी ती भिंतीला टेकली. "मग चार नंबरात कोन बोललं? मी दारापाशी हुते. आतनं हळूच कुनीतरी ठोकत हुतं. मी इचारलं, कोन हाय? तर बापयाचा आवाज. दमलेला... थंडीनं दात वाजत असल्यागत. म्हनला, 'धुळा, वेळ भरली बघ.'" ती थांबली. "तुमचा आवाज हुता, शेठ."

काँप्रेसर मधेच बंद पडला. पडतो तो तसा, आपोआप. पण मला माझ्याच मानेवरचा घाम गार लागला.

लालासाहेब हिशेबी माणूस, पण माणूस. घसा साफ करून म्हणाले, "दार काढा. बिजागऱ्या खोला. दारच नसलं तर कोण अडकतंय?"

दोन गड्यांनी मिळून ते अवजड दार उतरवलं आणि अंगणात उन्हात आडवं टाकलं. चार नंबरची थंडी वाहत बोळात आली, बोळातून बाहेर आली, उन्हात विरली. बायकांनी माल काढला. मी उंबऱ्यापर्यंतसुद्धा गेलो नाही. निघताना धुळा गाडीपर्यंत आला. माझा हात धरून म्हणाला, "शेठ, बयाला काय न्हाई हे कळलं, मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पन तुमी आता हिकडं येऊ नगा. लय ग्वाड मानूस हाय तुमी."

मी गेलो नाही. लालासाहेबांचा धंदा वाढला, चार नंबरला नवं दार बसलं. ते वरचेवर बोलवायचे. नवीन मशीन घ्यायचंय, या. मुलीचं लग्न आहे, या. मी माणूस पाठवायचो, आहेर पाठवायचो, स्वतः कधी सांगलीच्या रस्त्याला लागलो नाही. साताऱ्यात बसून माणूस अडकत नाही, असं मनाला समजावलं होतं.

परवा त्यांचा फोन आला. आवाजात तीच जुनी चेष्टा. "काय शेठ, चोरून येऊन गेलात होय? चहालासुद्धा थांबला नाहीत!"

"मी? कधी?"

"मग तुमचा चष्मा कसा सापडला? धुळानं आज चार नंबर उघडलं, तर बटणाखाली पडलेला. तुमचीच ती जाड काचांची फ्रेम. धुळा तर बघून मटकन खाली बसला. डाव्या काडीला काळा दोरा गुंडाळलाय बघा."

मी चष्मा काढून हातात घेतला. माझाच, नेहमीचा. डावी काडी धड होती. दोरा कसला आणि काय! "दुसऱ्या कोणाचा असेल," म्हटलं, आणि फोन ठेवला.

आज सकाळी दुकानात निघताना धोतराच्या सोग्यानं काच पुसत होतो. जोर लावला नव्हता. डावी काडी कट्कन बिजागरीशी मोडली. आमच्या मंडळी, विनोदिनीबाई, मोठ्या तत्पर. "आणा इकडं, तात्पुरतं बांधून देते," म्हणून शिवणाचा डबा घेऊन बसल्या.

मी म्हटलं, "पांढरा दोरा घ्या."

डबा चाळत त्या म्हणाल्या, "पांढरा संपलाय. काळाच आहे."